बाई असून वेस्टर्न? तुम्ही विचारलंत म्हणून

"बाई असून तुम्हाला ही घोड्यांवरची मारामारी आणि रणगाड्यांचे सिनेमे कसे काय आवडतात?" आमच्या फिल्म सोसायटीत खेळ संपला की कुणी ना कुणी हे विचारतंच. पाठोपाठ पुढचा प्रश्न येतो, "मग ती मर्दानगी तुम्हाला पटते की काय?" पहिल्या प्रश्नावर चिडणं मी सोडून दिलंय. दुसऱ्याचं उत्तर चहा गार होईपर्यंत उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

पडद्यावरचा मर्द घडवलेला असतो. तो कशाकशाचा घडवलाय हे बघायला मला आवडतं.

कमरेपासून सुरुवात करू. वेस्टर्नमधलं, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काउबॉयांच्या सिनेमांमधलं, ठरलेलं हत्यार म्हणजे १८७३ चं कोल्ट सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर. त्याचा घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा भाग, दर गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. सहा घरांपैकी जाणता माणूस पाचच भरायचा आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा, कारण हत्यार हातून पडलं तर ठोका बसून गोळी सुटण्याची भीती. वापरलेली काडतुसं दांडीने एकेक करून ढकलून काढायची आणि नवी एकेक करून भरायची. म्हणजे चकमकीत सहावी गोळी झाडणारा नायक एक तर निष्काळजी, नाहीतर संवादलेखकाचा लाडका.

आता म्यान बघा. त्या काळी ते खोल असायचं, कमरेवर उंच असायचं. घोडा दौडताना हत्यार पडू नये एवढंच त्याचं काम. मांडीवर लोंबणारं, पायाला वादीने बांधलेलं म्यान ही मुख्यतः सिनेमाची देणगी. १९५० च्या दशकात आर्व्हो ओयाला या कारागिराने चामड्याच्या दोन थरांमध्ये पत्रा घातला. त्यामुळे चामडं सिलिंडरला, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाला, आवळत नाही, सिलिंडर म्यानातच फिरू शकतो आणि हत्यार बाहेर यायच्या आधीच घोडा ओढून होतो. नायकाचा विजेचा वेग निम्मा त्या पत्र्याचा असतो. अंगठा निसटला तर गोळी आपल्याच मांडीत. काडतूस खोटं असलं तरी त्यात दारू खरी असते, जवळून उडालं तर भाजतंच.

आणि चौकट. जाणकार ज्याला 'काउबॉय शॉट' म्हणतात, तो मांडीच्या मध्यापासून वर असतो. कमरेशी कापला तर पिस्तूल जातं, पायांपर्यंत नेला तर चेहरा बारीक होतो. चेहरा आणि हत्यार एका नजरेत मावावं यासाठी कॅमेऱ्याने शोधलेली ही जागा आहे. आपल्याकडे पनवेलजवळच्या रुळांवर 'शोले'ची आगगाडी धावली तेव्हा हे सगळं सामान आपल्या ओळखीचं झालेलंच होतं.

तर पटते का? आमच्या सोसायटीच्या एका जुन्या टिपणात मी ठासून लिहिलं होतं की चांगला वेस्टर्न मर्दानगीची चिकित्साच करत असतो. पुरावा म्हणून 'हाय नून' (१९५२) पुढे केला होता. गुंडांशी लढायला मार्शल केन गावभर मदत मागत फिरतो, चर्चमध्ये जाऊन विचारतो, कुणी येत नाही. कचेरीत एकटा असताना तो टेबलावर डोकं टेकतो. शेवटी चार गुंडांपैकी एकाला मारते ती त्याची बायको, हिंसा न मानणाऱ्या क्वेकर पंथाची, आणि तीही पाठीमागून. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि नट जॉन वेन यांना हे इतकं झोंबलं की त्यांनी उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. त्यातला शेरीफ मदत मागत नाही, पण एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक पोरगा यांच्यावाचून त्याचं एक पाऊल पुढे पडत नाही. टिपणात मी हे मोठ्या दिमाखात मांडलं होतं. आज वाचते तेव्हा वाटतं, ही बाई आपली आवड धुऊन-पुसून पाहुण्यांपुढे ठेवतेय. चिकित्सा आहे, मान्य. पण तिकीट काही चिकित्सेसाठी काढलेलं नसतं. आणि तरी ते टिपण फाडून टाकावं असंही वाटत नाही.

सैनिकाचा नट झालेल्या ऑडी मर्फीपाशी मात्र माझं कुठलंच उत्तर टिकत नाही.

टेक्ससमधल्या गरीब घरातला पोरगा. उंची साडेपाच फुटांच्या थोडी आत, वजन ११२ पौंड, म्हणजे जेमतेम ५१ किलो. मरीन्सनी घेतला नाही, छत्रीधारी सैन्यानेही नाही. वय वाढवून सांगून तो १९४२ मध्ये पायदळात शिरला. २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समध्ये कोलमारजवळच्या होल्ट्झविर गावाबाहेर तो एका कंपनीचा, म्हणजे सैनिकांच्या तुकडीचा, प्रमुख होता, वय १९. समोरून सहा जर्मन रणगाडे आणि पायदळाच्या लाटा. त्याने आपली माणसं मागे जंगलात पाठवली आणि स्वतः पुढे थांबून टेलिफोनवरून तोफखान्याला मारा कुठे करायचा ते सांगत राहिला. शेजारच्या एम-१० टँक डिस्ट्रॉयरला (रणगाडे फोडणाऱ्या तोफगाडीला) गोळा लागून तो पेटला होता, कधीही फुटला असता. मर्फी त्याच्यावर चढला आणि त्यावरची पॉइंट फाइव्ह झीरो मशीनगन चालवू लागला. पायदळ गळल्यावर रणगाडेही मागे हटू लागले. हे सुमारे तासभर चाललं. पायाला जखम झाली. गोळ्या संपल्यावर तो उतरला, मलमपट्टी नाकारली आणि कंपनी घेऊन उलटा चालून गेला. याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेचा सर्वोच्च युद्धसन्मान. त्या पेटलेल्या गाडीवर आपले पाय तीन दिवसांत पहिल्यांदाच गरम झाले, असं त्याने नंतर सांगितलंय.

१९५५ मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओने त्याच्याच आत्मकथनावर 'टू हेल अँड बॅक' काढला. स्वतःची भूमिका करायला तो आधी तयार नव्हता, मग केली. वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट लुईस छावणीत चित्रीकरण झालं. पडद्यावर एम-१० नाही, शर्मन रणगाडा आहे. बर्फ नाही, उजेड आहे, गवत आहे. तासाभराची गोष्ट काही मिनिटांत आटोपते. बर्फ काढला की गरम पायांचं काय करायचं? अख्ख्या प्रसंगात एका गारठलेल्या पोराची वाटणारी ती एकच गोष्ट, आणि तिला पडद्यावर जागाच उरली नाही. तिच्या जागी निधड्या छातीचा नायक उभा राहिला. आणि तो नायक खोटा आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण तो तोच माणूस आहे.

याहून वाईट पुढेच आहे. १५ ऑगस्ट १९४४ ला दक्षिण फ्रान्समध्ये त्याचा जिवलग मित्र लॅटी टिप्टन मारला गेला. जर्मनांनी शरणागतीची खूण केली, तो उभा राहिला आणि त्याला गोळ्या घातल्या. आत्मकथनात टिप्टनचं नाव बदलून ब्रँडन केलंय. सिनेमात ब्रँडन झालाय चार्ल्स ड्रेक. म्हणजे दिवे लागले, कॅमेरा फिरला आणि मर्फीने मित्राचं मरण पुन्हा एकदा जवळून पाहिलं, या खेपेला मेकअप करून. सिनेमा तुफान चालला.  मर्फी उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवून झोपायचा. युद्धाने मनावर होणाऱ्या जखमांबद्दल तो उघड बोलायचा, तेही जेव्हा पुरुषांनी असं बोलायची पद्धत नव्हती. उरलेली कारकीर्द बहुतेक वेस्टर्नमध्ये गेली. १९७१ मध्ये विमान अपघातात गेला, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.

तुम्ही म्हणाल, मग अशा सिनेमाचा निषेध करा. करते की! आणि शर्मनवर चढून तो मशीनगनला हात घालतो तेव्हा खुर्चीत पुढे सरकून बसते. दर वेळी. याला पटणं म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि माझ्या वतीने तुम्हीही ठरवू नका. जॉन वेन युद्धावर न जाता सैनिक दिसला, मर्फी युद्धावर जाऊन आला तरी कोवळ्या चेहऱ्यामुळे पडद्यावर पोरगाच दिसला. मर्दानगीचा हिशोब यात कुठे लावायचा ते तुम्हीच सांगा.

पुढच्या खेळानंतर हाच प्रश्न घेऊन येणार असाल, तर एक काम करून या. जॉन ह्यूस्टनचा 'द रेड बॅज ऑफ करेज' (१९५१) बघा. स्टुडिओने कापून कापून ६९ मिनिटांचा केलाय, एका बैठकीत होतो. पहिल्या लढाईत घाबरून पळून जाणारा पोरगा त्यात मर्फीने केलाय.