लग्नपत्रिका घेऊन लॅपटॉप बघायला

इचलकरंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. कोरल आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फलक. एवढ्या भांडवलावर आमच्या पाहुण्यारावळ्यांत मी कॉम्प्युटरमधला जाणकार ठरलोय. कुणाच्या पोराला लॅपटॉप घ्यायचा झाला की पहिला फोन मला.

2024 च्या ऑगस्टमध्ये आक्काचा आला. कॅप राउंडमध्ये भाचीचा नंबर पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागला होता. दाजींना नुकतीच भिशी लागलेली, 50 हजारांची. "पण एकदाच काय ते घ्या. चार वर्षं परत बघायला नको," हे दाजींचं.

हे 'एकदाच' मला एकदा नडलंय. त्याआधी दोन वर्षं चुलतभावाच्या पोराला मीच 75 हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्यायला लावला होता. वेगळं ग्राफिक कार्ड, लाल दिव्यांचा कीबोर्ड, वजन सव्वादोन किलो आणि वर विटेएवढा चार्जर. पोरगं पहिल्या वर्षाला सी प्रोग्रामिंग शिकत होतं. त्याला माझ्या दुकानातलं जुनं मशीनसुद्धा पुरलं असतं. बॅटरी दोन तासांत झोपते. त्यामुळं ते धूड होस्टेलच्या कॉटवर दावणीला बांधल्यागत प्लगला अडकलेलं असतं आणि पोरगं वही घेऊन कॉलेजला जातं. चुलतभाऊ मला काही बोललेला नाही. पण कळतं की.

म्हणून यावेळी आधी भाचीलाच विचारलं, तुला काय पाहिजे? म्हणाली, "मामा, खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही."

झालं, अर्धी निवड तिथंच उरकली. 14 इंची, दीड किलोच्या आत.

कोल्हापूरला राजारामपुरीत गेलो. पहिल्याच दुकानातल्या पोरानं "लेटेस्ट सेव्हन थाउजंड सिरीज, सर" म्हणत एक पुढं केला. प्रोसेसरचं स्टिकर रायझन 5 चं, नंबर 7520यू. आता यात गोम अशी आहे की रायझन बनवणाऱ्या एएमडीनं 2023 पासून लॅपटॉपच्या चिपना जे चार आकडी नंबर दिले, त्यात पहिला आकडा नुसता वर्षाचा. आतली रचना कुठल्या पिढीची, ते तिसऱ्या आकड्यात. 7520 म्हणजे झेन 2 ही जुनी रचना, चार कोर, म्हणजे एकावेळी राबणारे चार मेंदूच म्हणा. 7530 म्हणजे झेन 3, सहा कोर. वरून बघणाऱ्याला दहाचाच फरक. पत्रिकेत नावामागं चि. छापलं म्हणून नवरदेव विशीतलाच असतो असं थोडंच आहे? इंटेलमध्ये एवढी भानगड नको असेल तर शेवटचं अक्षर बघा: यू असला तर विजेला बेताचा, एच असला तर ताकदीचा पण खादाड.

मग रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची मेमरी. कॉम्प्युटरच्या पोरांनी मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडून त्यात एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, चालू केला, बाजूला क्रोमच्या दहा टॅब ठेवल्या, की 8 जीबीचा जीव घाबरा होतो. 16 लागतेच. पण सुरुवातीलाच 16 ची घ्यायला पाहिजे असं नाही. वाढवता येते का हे बघायचं. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला सोल्डर केलेली असते. दुकानदाराला विचारलं तर "होते सर वाढ" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा तिथंच टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारायची. या 7520 वर 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' आलं, म्हणजे सोल्डर केलेलीच. मी काही न बोलता झाकण मिटलं.

स्क्रीनसाठी माझी स्वतःची परीक्षा आहे. पेनड्राइव्हमध्ये एक लग्नपत्रिका नेतो: हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, मध्ये गणपती. ती उघडून स्क्रीन मागं-पुढं कलवायची. स्वस्त टीएन पॅनेल असलं तर खालून बघताना गणपती काळा पडतो. चांगल्या आयपीएस पॅनेलवर देव जागच्या जागी राहतो. दुसऱ्या दुकानात देव दोनदा काळा पडला. भाचीला हसू आवरेना, सेल्समनला काही कळेना.

दाजी मध्येच म्हणाले, पुढं ते एआय-बियाय शिकायचं तर ग्राफिक कार्ड नको का? भाचीनंच सांगितलं, कोलॅब नावाच्या गूगलच्या साइटवर ब्राउझरमधूनच जीपीयू, म्हणजे ग्राफिकची चिप, फुकट वापरायला मिळतो. मर्यादा असते, पण शिकण्यापुरता भागतो. दाजींना 'फुकट' पटलं.

तिसऱ्या दुकानात जमलं. 7530यू, आयपीएस, फाइली साठवायला 512 जीबीचा एसएसडी, 1.4 किलो. 8 जीबी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा. 49,500 ला ठरला. "नो कॉस्ट ईएमआय करून देतो," म्हणाला. रोखीनं दिल्यावर किती सोडणार विचारलं, तर 1,500 खाली आला. म्हणजे ते व्याज त्या 49,500 मध्येच बसलेलं. शिवाय बँकेची प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावर 18 टक्के जीएसटी आपल्याच डोक्यावर. भिशीचे पैसे मोजले आणि उरलेल्या दोन हजारांत 8 जीबीची पट्टी तिथंच बसवून घेतली. पाणी-चहा सांडल्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, साध्या वॉरंटीत ते धरत नाहीत. ते मी हट्टानं घ्यायला लावलं. दाजींचा चेहरा पडला, पण होस्टेलच्या खोलीत चहा कुठं ठेवतात हे मला माहीत आहे.

घरी आल्यावर आक्कानं लॅपटॉप पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि मी "अगं थांब" म्हणेपर्यंत उघड्या कीबोर्डवर अक्षता टाकल्या. रंगाच्या बारीक ब्रशनं मी तासभर दाणे काढत बसलो होतो. एक मिळाला नाही. भाची परवा फोनवर म्हणाली, स्पेसबार अजून कधीतरी करकरतो.