हमी एका तासाची होती

स्कीइंगचे एका दिवसाचे तिकीट परत करून त्याचा मोबदला मिळवण्याची वेळ माझ्यावर गेल्या हंगामात पहिल्यांदा आली. त्याआधी आठ हिवाळे मी स्कीइंगला जात होते आणि त्या काळात पाहिलेल्या अनेक केंद्रांवर तिकीट खिडकीशेजारी ‘बर्फाची स्थिती पसंत न पडल्यास तिकीट परत करा’ अशा आशयाची पाटी मी वाचलेली होती. परंतु ती पाटी वाचून कोणी तिकीट परत करायला गेल्याचे मी कधी पाहिले नव्हते. अशी हमी असते हे माझ्या ओळखीतल्या सर्वांना ठाऊक होते, पण तिचा उपयोग करावा हे कोणाच्या मनातही आले नव्हते. ते का येत नसावे, हे मला त्या एका सकाळी बऱ्यापैकी समजले.

आम्ही तिघे होतो: मी, माझी मैत्रीण आणि तिचा भाऊ. आदल्या संध्याकाळी केंद्राच्या माहितीपत्रकात चोवीस तासांत पंधरा सेंटीमीटर नवा बर्फ पडल्याची आणि तीन चतुर्थांश उतार खुले असल्याची नोंद होती. ही नोंद कदाचित खोटी नव्हती. नव्या बर्फाची खोली बहुधा डोंगराच्या वरच्या, वाऱ्यापासून आडोशाच्या जागी मोजतात, आणि एखाद्या रुंद उतारावर यंत्राने सारखी केलेली अरुंद पट्टी जरी उपलब्ध असली, तरी तो उतार ‘खुला’ म्हणून मोजला जातो. नोंदीत न आलेली गोष्ट अशी होती की दोन दिवसांपूर्वी तापमान शून्याच्या वर गेले होते, खालच्या भागात पाऊस झाला होता आणि त्यानंतरच्या रात्री सर्व काही पुन्हा गोठले होते. नवा बर्फ त्या गोठलेल्या थरावर पडला आणि डोंगरमाथ्यावरून तो वाऱ्याने उडवूनही नेला.

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी माझ्या एका दिवसाच्या तिकिटाचा पास पहिल्या चेअरलिफ्टच्या, म्हणजे तारेवरच्या खुर्च्यांतून वर नेणाऱ्या लिफ्टच्या, फाटकावर स्कॅन झाला. ही वेळ मला नंतर कळली; त्या क्षणी मी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते.

पहिल्याच वळणाला स्कीच्या कडा बर्फात रुतल्या नाहीत. जे स्की करत नाहीत त्यांच्यासाठी सांगायचे, तर वळताना सारा भार स्कीच्या धातूच्या कडेवर येतो आणि ती कड बर्फात किती रुतते यावर आपला ताबा अवलंबून असतो. चांगल्या बर्फावर त्या वेळी मऊ, दबका आवाज येतो. त्या दिवशी काचेवर सुरी ओढल्यासारखा आवाज येत होता. ओल्या बर्फावरून रात्री यंत्र फिरवले की त्यावर नांगरलेल्या शेतासारख्या समांतर रेघा उठतात. थंडीत त्या मऊ राहिल्या, तर सकाळचे पहिले तास अतिशय सुखाचे जातात. पण ओल्या असतानाच गोठल्या, तर प्रत्येक रेघेचा हादरा गुडघ्यापर्यंत पोहोचतो. माथ्याजवळचे मोठे, मोकळे उतार गाठून देणारी वरची लिफ्ट वाऱ्यामुळे बंद होती. खालच्या भागात तोफांनी उडवलेला कृत्रिम बर्फ होता. पाण्याचे बारीक थेंब हवेत गोठवून तो तयार करतात आणि त्यासाठी आर्द्रता हिशेबात घेऊन मोजलेले तापमान साधारण उणे दोन अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे लागते. त्याचे कण नैसर्गिक हिमकणांसारखे फांद्याफांद्यांचे नसून गोळीसारखे असल्याने तो दाट बसतो आणि जास्त टिकतो. याच कारणामुळे एकदा वितळून गोठला, की तो फरशीसारखा कडक होतो.

तो उतार उतरायला एरवी सात-आठ मिनिटे लागतात, पण आम्हाला थांबत-थांबत वीस मिनिटे लागली. खाली पोहोचल्यावर आम्हा तिघांचे मत एकच होते: दुसऱ्या बाजूच्या उतारावर ऊन लवकर येते, तिथे बर्फ एव्हाना सैल झाला असेल. याला कसलाही आधार नव्हता. तरीही आम्ही त्या बाजूच्या लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो आणि सकाळचा सर्वांत मोलाचा वेळ तिथेच गेला.

वर जाताना, खुर्चीत बसल्या-बसल्या, मी हातमोजा काढून फोनवर हमीच्या अटी वाचल्या. आठ वर्षांत मी त्या पहिल्यांदाच पूर्ण वाचत होते. पहिल्या स्कॅनपासून एक तासाच्या आत तिकीट खिडकीवर परत आणायचे. तोवर दोनपेक्षा जास्त वेळा लिफ्ट वापरलेली नसावी. रोख परतावा नाही, त्याऐवजी त्याच हंगामातल्या दुसऱ्या एका दिवसाचे व्हाउचर. हंगामी पास, अनेक दिवसांचे पास आणि सवलतीत घेतलेली तिकिटे यांना हमी लागू नाही. भाड्याने घेतलेल्या साहित्याचे पैसे परत मिळणार नाहीत. आणि व्हाउचर दुसऱ्याला देता येणार नाही. निरनिराळ्या केंद्रांवर या अटी थोड्याफार बदलतात, पण साचा बहुतेक ठिकाणी हाच असतो. यातली कुठलीही अट मला अन्यायाची वाटली नाही. दिवसभर मनसोक्त स्की करून संध्याकाळी तक्रार करणाऱ्याला पैसे परत देणे कोणत्याही केंद्राला परवडणार नाही. अडचण वेगळीच होती. बर्फ वाईट आहे अशी खात्री पटायला किमान दोन उतार लागतात, आणि दोन उतारांत तास जवळजवळ संपतो.

दुसरा उतारही पहिल्यासारखाच निघाला. त्याच्या मध्यावर थांबून मी परत जाण्याचा विषय काढला.

मैत्रिणीने लगेच नकार दिला. तिचे कारण मला आजही पटते: इथवर येण्याचा प्रवास, राहण्याची खोली, कामावरून घेतलेली रजा, भाड्याचे साहित्य, यांपैकी काहीही परत मिळणार नव्हते. मिळणार होते ते फक्त तिकीट, तेही पुन्हा कधीतरी इथेच येण्याच्या अटीवर. मग उरलेला दिवस खोलीत बसून काढण्यापेक्षा वाईट बर्फावर स्की केलेले काय वाईट? मी म्हणाले की जे पैसे गेले ते गेलेच आहेत, आता फक्त पुढचे सहा तास कसे जातील एवढाच विचार करायला हवा. ती म्हणाली, “हे बोलायला सोपे आहे.”

ते खरोखरच कठीण असते. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली बुडीत खर्चाच्या, म्हणजे काही केले तरी परत न मिळणाऱ्या खर्चाच्या, मानसिकतेवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातला सर्वांत गाजलेला प्रश्न नेमका स्कीइंगच्याच सहलीचा आहे. तुम्ही मिशिगनच्या सहलीचे तिकीट १०० डॉलरला आणि विस्कॉन्सिनच्या सहलीचे ५० डॉलरला घेतले. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असे तुम्हाला वाटते. नंतर लक्षात येते की दोन्ही सहली एकाच शनिवार-रविवारी आहेत आणि तिकिटे परत करता येत नाहीत. कुठे जाल? उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी मिशिगन निवडले, म्हणजे कमी आनंदाची पण महागाची सहल. हा प्रयोग कागदावरचा होता. गोठलेल्या उतारावर, पायात घट्ट बूट आणि मनात तीन महिन्यांची आखणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाने याहून वेगळे उत्तर द्यावे, अशी अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

मैत्रीण वर राहिली. तिचा भाऊ माझ्याबरोबर खाली आला.

नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आम्ही स्की काढल्या आणि त्या खांद्यावर टाकून खिडकीकडे निघालो. अंतर फार नव्हते, परंतु स्कीच्या बुटांत चालणे म्हणजे घोटा न वाकवता जिना चढण्यासारखे असते. खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा दहा वाजून दोन मिनिटे झाली होती, आणि समोर नवी तिकिटे घेणाऱ्यांची रांग होती. परत करणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी नव्हती. ज्या बर्फाला कंटाळून मी परत आले होते, त्याच बर्फाची तिकिटे घ्यायला उत्सुक असलेल्या नऊ-दहा जणांच्या मागे उभी राहून मी घड्याळाकडे पाहत होते. माझ्या पुढच्या गृहस्थांनी वळून “वर कसे आहे?” असे विचारले. मी खरे ते सांगितले. त्यांनी मान हलवली आणि तरीही तिकीट घेतले.

खिडकीवरच्या बाईंपुढे माझा पास ठेवला तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटे झाली होती. त्यांनी तो यंत्राला लावला आणि पडद्यावरची नोंद वाचली: पहिला स्कॅन नऊ-पाच, दुसरा नऊ-सदतीस, एकूण दोन. पासमधल्या चिपमुळे मी कुठल्या फाटकातून किती वाजता गेले, हे सर्व त्यांच्यासमोर होते. मला काहीही पटवून द्यावे लागले नाही आणि बर्फ कसा होता, हेही त्यांनी विचारले नाही. हे मला अनपेक्षित होते. मी मनातल्या मनात तक्रारीची वाक्ये जुळवत आले होते, पण हमीचा आणि बर्फाच्या दर्जाचा प्रत्यक्षात काही संबंधच नव्हता. संबंध होता तो केवळ वेळेचा आणि फेऱ्यांच्या संख्येचा. वेळ चार मिनिटांनी उलटून गेली होती. मी रांगेत उभी होते हे त्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांनी ती चार मिनिटे सोडून दिली. नियमावर बोट ठेवले असते, तर माझ्यापाशी म्हणण्यासारखे काही नव्हते.

मैत्रिणीच्या भावाला मात्र व्हाउचर मिळाले नाही. त्याने तिकीट आठवडाभर आधी सवलतीत घेतले होते. आधी पैसे भरणारा माणूस हवामानाची जोखीम स्वतःवर घेतो आणि त्याबदल्यात त्याला सवलत मिळते, असा हा व्यवहार आहे. पण तिकीट घेताना पडद्यावर सवलतीचा आकडा ठळक दिसतो आणि जोखमीचा उल्लेख शोधावा लागतो. आज बहुसंख्य लोक तिकिटे आधीच घेतात किंवा हंगामी पास घेतात. म्हणजे ज्या हमीची पाटी सर्वांना दिसते, ती लागू होणारे लोक मुळातच कमी राहिले आहेत. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे उत्तर अमेरिकेतली स्की केंद्रे हंगामाच्या मध्येच बंद झाली, त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी हंगामी पासांसाठी परताव्याच्या योजना आणल्या. परंतु त्या केंद्र बंद पडण्यासारख्या जोखमींसाठी होत्या. केंद्र चालू आहे आणि बर्फ भिकार आहे, ही स्थिती त्यांत बसत नाही.

व्हाउचर छापून होईपर्यंत मी त्या बाईंना विचारले की असे तिकीट परत करायला किती लोक येतात. आकडा त्यांनी सांगितला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “येतात ना, पण बहुतेक जण जेवणाच्या वेळी येतात.”

या एका वाक्याने माझा समज बदलला. लोक हमी वापरत नाहीत म्हणजे ते समाधानी असतात, असे केंद्राला वाटत असेल. लोक आळशी किंवा भिडस्त असतात, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात असमाधान दुपारी पिकते आणि हमी सकाळीच संपते. तासाभरात परत जाणारा माणूस हा एकटा आलेला, जवळ राहणारा, पुन्हा लवकर येऊ शकणारा आणि अटी आधी वाचून आलेला असावा लागतो. दूरवरून आठवडाभरासाठी आलेल्या कुटुंबाला व्हाउचरचा उपयोग नसतो, आणि वाईट बर्फाची खरी झळ त्यालाच बसते.

मग अशी हमी निरर्थक आहे का? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण परताव्यापेक्षा बर्फाच्या नोंदींशी जास्त निगडित आहे. डार्टमथ महाविद्यालयातल्या जोनाथन झिनमन आणि एरिक झिट्झेवित्झ या अर्थशास्त्रज्ञांनी स्की केंद्रांच्या स्वतःच्या बर्फनोंदी सरकारी हवामान नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रे शनिवार-रविवारी जास्त नवा बर्फ पडल्याचे सांगत होती, आणि निसर्गाला मात्र आठवड्याचे वार माहीत असल्याचे दिसत नव्हते. डोंगरावरूनच फोनवर बर्फाची खरी स्थिती एकमेकांना कळवण्याची सोय स्कीअरना मिळाल्यावर ही अतिशयोक्ती झपाट्याने घटली. माझा अंदाज असा की तिकीट परत घेण्याचे वचन दिलेल्या केंद्रालाही वाढवून सांगण्याची थोडी धास्ती वाटत असावी. फुगवलेल्या आकड्यांवर विसंबून आलेली गर्दी तासाभरात खिडकीवर परतली, तर त्याचा हिशेब त्यालाच द्यावा लागेल. अर्थात ही गर्दी खिडकीवर कधी येतच नसेल, तर ती धास्तीही फार काळ टिकणार नाही.

मी तीन आठवड्यांनी, आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, एकटीच परत गेले. खिडकीवर व्हाउचर दिले, नवा पास घेतला आणि या वेळी फाटकातून जाण्यापूर्वीच त्याच्या मागचा मजकूर वाचला. हमीच्या मोबदल्यात मिळालेल्या तिकिटाला हमी लागू नाही, असे तिथे छापलेले होते. त्या दिवशी सकाळी बर्फ उत्तम होता, अकराच्या सुमारास तो उन्हाने लापशीसारखा झाला, आणि मी तीन वाजेपर्यंत स्की केले.