मान टाकलेलं रोप आणि जड पेला

टोमॅटोची १२ रोपं आणि मिरचीची ६. घरातल्या शेल्फवर, एलईडीच्या उजेडात, कागदी पेल्यांमध्ये. बी रुजून चौथा आठवडा लागला होता. एका सकाळी बघते तर टोमॅटोच्या नऊ रोपांनी माना टाकलेल्या.

मी पाणी घातलं. तासाभराने पाहिलं तर रोपं तशीच, म्हणून संध्याकाळी आणखी थोडं घातलं. दुसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडायला लागली. वाटलं, खत कमी पडतंय, म्हणून गांडूळखत पाण्यात कालवून, गाळून तेही दिलं. म्हणजे पुन्हा पाणीच. तिसऱ्या दिवशी शेल्फ पुसायला म्हणून एक पेला उचलला आणि हातालाच कळलं. चार बोटं उंचीचं रोप आणि पेला दगडासारखा जड.

बाबांना विचारलं, "तुम्ही पाणी घालताय का रोपांना?"

"रोज सकाळी घालतो की. माना टाकल्यात गं बिचाऱ्यांनी," बाबा म्हणाले.

दोघंही मायेनेच घालत होतो, एकमेकांना न विचारता.

तहानलेलं रोप आणि पाण्यात गुदमरलेलं रोप लांबून सारखंच दिसतं. फरक कळतो तो पान बोटांत धरल्यावर. तहानलेल्या रोपाचं पान पातळ लागतं, लुळं असतं, कडा कागदासारख्या होतात. माझ्या रोपांची पानं तशी नव्हती. ती जाड होती, भरलेली होती, थोडी थंडही लागत होती. पान लुळं पडलेलंच नव्हतं, वाकला होता तो देठ. खोडापाशी जिथे देठ फुटतो तिथूनच तो खाली वळला होता, जणू कुणी वरून दाबून धरलाय. दोन पानांच्या मागच्या बाजूला बारीक फोडही आले होते. मुळांनी ओढलेलं पाणी पानाबाहेर टाकता आलं नाही की पेशी फुगून असे फोड येतात. मी आधी ती कीड समजले होते.

देठ का वाकतो, हे समजलं तेव्हा मला त्या रोपांविषयी फार वाईट वाटलं. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मातीतल्या पोकळ्यांमधून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेच्या तुलनेत ऑक्सिजन सुमारे १०,००० पट हळू सरकतो. गुदमरलेली मुळं एसीसी नावाचं द्रव्य तयार करतात. त्याचं इथिलीन, म्हणजे झाडाची वाढ बदलणारा वायू, व्हायलाही ऑक्सिजन लागतो, तो मुळांपाशी नसतो. मग ते द्रव्य पाण्याबरोबर वर चढतं, पानांत पोचतं आणि तिथे हवा मिळाल्यावर त्याचं इथिलीन होतं. त्याने देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि देठ खाली झुकतो. टोमॅटोत हे फार स्पष्ट दिसतं. रोप अक्षरशः खालची खबर वर पाठवत असतं, आणि आपण तिचा अर्थ तहान असा लावतो.

पिवळेपणानेही मला असंच फसवलं. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी पडली की नत्र कमी आहे असं म्हणतात, ते खरंही आहे. पण गुदमरलेल्या मुळांना मातीतलं नत्र उचलताच येत नाही, आणि तुंबलेल्या मातीत जिवाणू त्यातलं बरंचसं वायू करून उडवून टाकतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा लोह मिळत नसतं, आणि मातीचा सामू (पीएच) वर गेलाय का ते बघावं लागतं. त्यामुळे आता मी पिवळं पान दिसलं की खताच्या डब्याकडे जात नाही. आधी पेला उचलते.

एक रोप मातीच्या गड्ड्यासकट अलगद बाहेर काढलं. वरच्या भागातली मुळं पांढरी होती, खालची तपकिरी. त्यातलं एक चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. मूळकूज ती हीच. वासही तुंबलेल्या गटारासारखा.

पाणी जास्त झालं हे खरं, पण मुळात चुकली होती माती. मी बागेतली माती, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि भरपूर गांडूळखत बारीक चाळणीतून चाळून घेतलं होतं. हाताला इतकं मऊ लागत होतं की मला फार छान वाटलं होतं. पण सगळे कण बारीक म्हणजे सगळ्या पोकळ्या बारीक, आणि बारीक पोकळी पाणी सोडत नाही. त्यात भर म्हणजे निचऱ्यासाठी म्हणून तळाशी खडीचा थर दिला होता. त्याने उलटंच होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे चिंब थर मुळांच्या आणखी जवळ आला.

हे पटत नसेल तर भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. तळाशी चिंब राहणाऱ्या थराची उंची मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ पेल्यात तोच थर मुळांची निम्मी जागा खातो.

शेतकऱ्यांचा एक शब्द आहे, वाफसा. पाऊस थांबून जादा पाणी निथळलं, मातीत ओल आणि हवा दोन्ही नांदायला लागली की वाफसा आला म्हणतात. पेरणी त्यावर ठरते. पेल्यातल्या मूठभर मातीलाही वाफसा यावाच लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नऊपैकी तीन रोपांची मुळं पूर्ण गेली होती, ती काढून टाकली. मिरचीचं एक उशिरा रुजलेलं रोप खोडाशी, अगदी मातीलगत, दोऱ्यासारखं बारीक होऊन कोलमडलं. तो बुरशीचा मर रोग. असं रोप वाचत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नये. टोमॅटोची उरलेली सहा नव्या मिश्रणात लावली. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे, आणि मूठभरच गांडूळखत. कोवळ्या मुळांना जास्त खताचे क्षार सोसत नाहीत. खडी नाही, तळाला भोकं मोठी. शेजारी छोटा पंखा मंद लावला. ओल्या मातीवर काळी चिलटं घोंगावत होती, त्यांच्या अळ्या वरच्या थरात राहून कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट कागद लावले, पण चिलटं खरी कमी झाली ती वरची माती सुकायला लागल्यावरच.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आता शेल्फपाशीच असतो. पाणी घालून निथळलेला पेला ३१० ग्रॅम भरतो, पार सुकलेला १५०. काटा २२०च्या खाली गेल्याशिवाय पाणी नाही, आणि घालायचं तेव्हा तळातून निघेपर्यंत सावकाश. शेल्फला एक वही बांधली आहे, त्यात बाबा आणि मी दोघंही लिहितो.

पिवळी झालेली पानं परत हिरवी झाली नाहीत, होणारही नव्हती. मी शेंड्याकडे बघत होते. नवव्या दिवशी पाच रोपांच्या शेंड्यातून नवं पान सरळ, आडवं उघडलं. सहावं अजून तसंच आहे. आज सकाळी वहीत बाबांच्या अक्षरात त्याच्यापुढे लिहिलंय, "२४५. थांबलो."