बारा ऑगस्टचं टेबल

दर वर्षी १२ ऑगस्टला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांचा मेळावा भरतो. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा हा जन्मदिवस, म्हणून देशभर ग्रंथपाल दिन साजरा होतो. पुष्कळ ठिकाणी फोटोला हार, दोन भाषणं, चहा, की झालं. आमच्याकडे तसं कधी होऊ दिलं नाही. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज, पण या एका दिवसासाठी मोठ्या शहरांनी आमच्याकडे येऊन बघावं, असं मी नोकरीत असताना म्हणत होते आणि निवृत्तीनंतरही म्हणते.

मेळाव्याचा नियम आमच्या ग्रंथपाल सरांनी घालून दिला. नव्या सत्रात आलेली पुस्तकं लांब टेबलावर मांडायची आणि त्यांची ओळख वाचकांनीच करून द्यायची. प्रत्येकाला पाच मिनिटं. हातात कागद नको. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं हवं. मलपृष्ठावरचा मजकूर पाठ करून आलेल्याला सर आदल्या दिवशीच्या तालमीत ओळखायचे, कारण ते पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून विचारायचे, ‘बाळ, इथं काय चाललंय ते सांग.’ रंगनाथन मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हे सगळेच सांगतात. सरांचा जीव त्याच्या पुढच्या सूत्रावर होता : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. विकत आणलेलं पुस्तक वर्षभर कपाटात नुसतं उभं राहिलं, तर सरांना तो स्वतःचा अपमान वाटायचा.

तयारी जुलैतच सुरू व्हायची. पुण्याहून, जळगावहून गठ्ठे आले की सुतळी कापण्यापासून सगळं आम्हीच करायचो. आधी बिलाशी ताळा, मग दाखल नोंदवही : दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत. शीर्षकपानाच्या मागे एक शिक्का आणि ठरलेल्या गुप्त पानावर दुसरा. ते पान कोणतं, हे ग्रंथालयाबाहेर सांगायचं नसतं. मी इथंही सांगणार नाही. तारीखपट्टीला डिंक फक्त वरच्या कडेला लावायचा, नाहीतर कागद सुरकुततो. पाठीवर वर्गांकाची, म्हणजे विषयाप्रमाणे ठरलेल्या क्रमांकाची चिठ्ठी. मराठी कवितेला ८९१.४६१, हे मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. त्या फळीवरची बहिणाबाईंच्या कवितांची प्रत सर्वांत जास्त झिजलेली. बाइंडर काकांकडे ती वरचेवर जाते आणि परत आली की आठवडाभरही जागेवर राहत नाही.

या सगळ्यात माझं आवडतं काम म्हणजे नवं पुस्तक ‘उघडणं’. कोरं, जाडजूड पुस्तक एकदम मधोमध फाकवलं तर त्याची पाठ मोडते आणि वर्षभरात पानं सुटायला लागतात. म्हणून पुस्तक टेबलावर पाठीवर उभं धरायचं, आधी पुढचा पुठ्ठा खाली टेकवायचा, मग मागचा. मग पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, शिवणीलगत बोट फिरवत, हलक्या हातानं दाबत मधापर्यंत यायचं. हे मला जिभाऊंनी शिकवलं.

जिभाऊ आमच्या ग्रंथालयाचे शिपाई. शिक्षण सातवीपर्यंत, पण कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात, हे कॅटलॉगच्या आधी त्यांना विचारायची पद्धत होती. एका वर्षी ओळख करून देणारा एक मुलगा आयत्या वेळी आलाच नाही. भूजलावरचं पुस्तक टेबलावर तसंच राहिलं. सरांनी सभागृहावरून नजर फिरवली आणि म्हणाले, ‘जिभाऊ, हे तुम्ही वाचलंय ना? या बरं.’ जिभाऊ हातातला पाण्याचा जग खाली ठेवून पुढे आले. टोपी नीट केली. आणि सरळ अहिराणीत बोलायला लागले : ‘मी जास्त शिकेल नही. पन हाई पुस्तक मी आखं वाची काढं.’

सगळं सभागृह शांत झालं. आपल्या वावरातली विहीर दर वर्षी संक्रांतीनंतर तळ का गाठते, हे त्यांनी सांगितलं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यात पाणी साठतं ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात. म्हणून पाऊस चांगला झाला तरी साठा थोडाच. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरकडे, डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचा आणि दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्याला बझाडा म्हणतात, तिथं पाणी खोल मुरतं. तरीही तिथल्या विहिरी खाली चालल्या, कारण मुरतं त्याहून जास्त उपसा. हे सांगताना त्यांनी टेबलावर एक हात पालथा ठेवला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावर फाकवून भेगा दाखवल्या. पाच मिनिटं कधी संपली, कळलं नाही आणि सरांनी घंटी वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकासाठी मागणीची चिठ्ठी टाकणाऱ्यांत भूगोलाचे प्राध्यापकही होते. मी अनेक मोठे वक्ते ऐकले. त्या भाषणाच्या जवळपास जाणारं भाषण मी तरी ऐकलेलं नाही.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार हे सगळं असतंच, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण विद्यापीठाची खबरबात हा भाग मी कधी चुकवला नाही. १९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. त्याआधी आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. एखादा प्रबंध बघायचा तर रात्रीची गाडी धरून पुणं गाठावं लागे. जळगावला सकाळी जाऊन दिवेलागणीला घरी येता यायला लागलं, याचं मोल आजच्या मुलांना कसं कळावं? २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, त्या वर्षीच्या मेळाव्यात पेढे वाटले गेले. विद्यापीठाकडून कोणी ना कोणी पाहुणे येत आणि नवीन काय आलं, काय सुरू झालं ते सांगत. एकदा त्यांनी पडद्यावर ‘शोधगंगा’ उघडून दाखवली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेलं हे भांडार, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध त्यात घरबसल्या आणि फुकट वाचता येतात. त्यांनी शोधाच्या चौकटीत ‘अहिराणी’ लिहिलं आणि यादी समोर आली. मागच्या रांगेतली एक मुलगी उभीच राहिली : ‘सर, अहिराणीवर पीएच.डी. करता येते?’ तिचा तो चेहरा मला आजही दिसतो.

सातपुड्यातून येऊन वसतिगृहावर राहणारा पावरा या आदिवासी जमातीतला एक मुलगा असाच लक्षात राहिला. त्याच्याकडे सातपुड्यातल्या लोकजीवनावरचं नवं पुस्तक दिलं होतं. बोलायला उठला तोच म्हणाला, ‘पुस्तक चांगलं आहे, पण नकाशात आमचा पाडा नदीच्या चुकीच्या बाजूला दाखवलाय.’ लोक हसले. तो हसला नाही. फळ्यावर जाऊन त्यानं खडूनं नदी काढली, नाला काढला, पाडा काढला आणि पावसाळ्यात नाला भरला की शाळेत कसं जावं लागतं, ते सांगितलं. मग लेखकानं लिहिलेलं काय काय बरोबर आहे, तेही तितक्याच काळजीनं सांगितलं. सरांनी त्याच्याकडून दुरुस्तीची चिठ्ठी लिहून घेतली, त्या नकाशाच्या पानाला लावली आणि प्रकाशकाला पत्र पाठवलं. ती चिठ्ठी अजून तिथं आहे. आमच्या ग्रंथालयाच्या कामाचा याहून चांगला पुरावा मला कोणी मागू नये.

शेवटी बालकवी. धरणगावला त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, म्हणजे आमच्या मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. म्हणून समारोपाला धरणगावकडची एखादी मुलगी त्यांची श्रावणाची कविता म्हणते. बाहेर बहुतेक वर्षी खरोखरच ऊन-पाऊस चाललेला असतो. इतक्या वर्षांत ती कविता ऐकताना माझे डोळे कोरडे राहिले नाहीत.

आता उपस्थितीबद्दल बोलते, कारण ते मनात आहे. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. ऑगस्टमध्ये कपाशीला खत घालायचं असतं, निंदणी असते, घरी हात हवे असतात. त्यात नागपंचमीनंतरचा कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा रविवार आणि विसर्जनाचा सोमवार आमच्या तारखेजवळ आला, की रोटांच्या नैवेद्याला घरचं माणूस घरीच लागतं. ते खानदेशात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा वर्षी खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते पायऱ्या उतरून येण्याइतक्या अंतरावर बसलेल्या काही शिक्षकांचं. चहाच्या वेळेला दारात हजर, पुस्तकांच्या वेळेला प्रॅक्टिकल. पहिल्या वर्षाची मुलगी धीर करून उभी राहते आणि समोरच्या राखीव खुर्च्या मोकळ्या असतात, तेव्हा तिला काय वाटत असेल? मी पुढे जाऊन त्या खुर्च्यांवर मुलांना बसवायचे. त्यावरून मला बोलणीही बसली. पण ते बरोबरच होतं.

आणि ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं त्यांच्याबद्दल, कारण पत्रिकेवर त्यांची नावं कधी आली नाहीत. ऑफिसातले तात्या, ज्यांनी पुस्तकांची बिलं कधी अडवली नाहीत आणि मार्चअखेर असला तरी आधी ग्रंथालयाची फाईल काढली. बाइंडर काका, दर वर्षी टेबलाजवळ उभे राहून कोणती बांधणी टिकेल आणि कोणती नाही ते आम्हाला सांगणारे. यादी टाइप करणारी ताई, जिला जोडाक्षराची एक चूकही खपायची नाही. माईकवाला भाऊ, भर कार्यक्रमात लाइट गेली तेव्हा घरून मोटारसायकलवर बॅटरी घेऊन आला आणि तिचे पैसे घेतले नाहीत. कमवा आणि शिका योजनेतली मुलं, टेबलं उचलणारी आणि शेवटी जेवणारी. रांगोळी काढणाऱ्या मराठी विभागाच्या मुली. वसतिगृहाच्या मावशी आणि त्यांच्या जाऊबाई. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी दोघींनी मिळून केली आणि बट्टी कधी कच्ची राहिली नाही. केळीची पानं आणून देणारे आप्पा. खुर्च्या कमी पडल्या की दार उघडून ‘न्या’ म्हणणारे गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे नाना. गठ्ठे पावसात भिजू नयेत म्हणून आपली ताडपत्री पुस्तकांवर टाकणारा रिक्षावाला दादा. रात्री पुस्तकांच्या टेबलाजवळ खाट टाकणारे वॉचमन बाबा. इतिहासाच्या मॅडम, ज्या शिक्षकांतून न चुकता पहिल्या रांगेत आल्या. धुळ्याहून येऊन राजवाडे संशोधन मंडळातल्या जुन्या कागदपत्रांबद्दल मुलांना सांगणारे गुरुजी, ज्यांनी एस.टी.च्या तिकिटापलीकडे काही घेतलं नाही. आणि स्टँडवरचे कंट्रोलर साहेब; कार्यक्रम लांबला की निरोप मिळताच चोपड्याकडची गाडी दहा मिनिटं थांबवायचे. ज्यांचा उल्लेख राहून गेला असेल, त्यांनी मला जरूर कळवावं, मी पुढच्या वेळी त्यांच्यापासून सुरुवात करीन.

सर गेल्यानंतर नव्या ग्रंथपाल मॅडमनी सगळं तसंच चालू ठेवलं, याचा मला फार आनंद आहे. यंदाच्या पत्रिकेचा मसुदा त्यांनी मला पाठवला. त्यात एकच बदल मी सुचवला : प्रमुख पाहुण्यांचं भाषण आधी न ठेवता पुस्तकांच्या ओळखीनंतर ठेवा. पाहुणे गाडीनं येतात, गाडीनं जातात. मुलांची शेवटची एस.टी. चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागते. मॅडमनी ते लगेच मान्य केलं आणि पाहुण्यांना तसं कळवलंही. बोलणाऱ्यांच्या यादीत डोंगराकडच्या गाडीची मुलं सर्वांत वर घेतली आहेत.