तक्त्यात नसलेला रकाना

"भाऊ, नदीत अंगावरच्या कपड्यांसकट पडली, तर तरंगेल का ही?"

जळगावच्या जलतरण तलावावर आज नातीने २५ मीटर पार करताच आजीने हे विचारले, आणि प्रशिक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.

इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत किमान २५ मीटर पोहणे अपेक्षित आहेच, परंतु पोहण्याचे निरनिराळे प्रकार आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवणे हेही त्यासोबत अपेक्षित आहे.

तापी-गिरणाकाठच्या आपल्या मुलांसमोर तळ दिसणारा तलाव क्वचितच असतो. असते ते गढूळ पाणी, कठडा नसलेली शेतातली विहीर आणि धरणातून आवर्तन सुटल्यावर भरून वाहणारा कालवा. मग पाठीवर तरंगत श्वास सावरणे आणि काठ गाठणे, हे अंतराच्या आधी का तपासू नये?