पोकळ वस्तूचा माग: पावसाळ्यातली नोंद

पावसाळा लागल्यापासून दुर्बीण पेटीतच आहे, त्यामुळे तीन आठवडे सगळं काम संगणकावर. प्रश्न जुनाच: परक्यांचं यान सूर्यमालेत शिरलं असेल, तर लघुग्रहांच्या गर्दीत ते ओळखायचं कसं? परक्यांचं हाती नाही, म्हणून सरावाला आपलंच घेतलं: ‘२०२० एसओ’.

१७ सप्टेंबर २०२० रोजी हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला हे सापडलं आणि लघुग्रह म्हणून नोंदलं गेलं. कक्षा मात्र संशयास्पद, जवळजवळ पृथ्वीसारखीच. लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरवरून निरीक्षणं उतरवून घेतली आणि फाइंड-ऑर्ब या कक्षा काढणाऱ्या संगणक-प्रणालीत टाकली. सुरुवातीच्या दिवसांची निरीक्षणं नुसत्या गुरुत्वाकर्षणावर छान बसली. नोव्हेंबर अखेरपर्यंतची घातली, तेव्हा रेसिड्युअल, म्हणजे दिसलेली जागा आणि गणिताने काढलेली जागा यांतले फरक, एकाच दिशेला सरकू लागले. मला वाटलं, कुठल्यातरी वेधशाळेची घड्याळाची चूक असणार. एकेकीच्या नोंदी वगळून बघण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग सूर्यप्रकाशाच्या दाबाचा पर्याय चालू केला आणि सगळे ठिपके शून्याभोवती येऊन बसले. रात्रीचे दीड वाजले होते, तरी घरातल्यांना उठवून दाखवावंसं वाटलं!

पृथ्वीच्या अंतरावर हा दाब चौरस मीटरला जेमतेम ४.५ मायक्रोन्यूटन. भरीव दगडाला तो जाणवतही नाही, रिकाम्या टाकीला मात्र हळूहळू ढकलत नेतो. आणि ही टाकीच होती: २० सप्टेंबर १९६६ रोजी सर्व्हेयर-२ ला चंद्राकडे धाडणाऱ्या रॉकेटचा सेंटॉर नावाचा वरचा टप्पा. माझं गणित तितकं मागे जाताना विस्कटलं, पण नासाच्या पॉल चोडास यांनी तो धागा जुळवला. पुढे विष्णू रेड्डी यांच्या गटाने वर्णपट तपासून स्टेनलेस स्टीलची खात्री केली.

आता ‘ओमुआमुआ’, म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेली ती वस्तू. तिथेही सूर्यापासून दूर ढकलणारं जास्तीचं त्वरण २०१८ मध्ये मोजलं गेलं, आणि हे प्रकाशाच्या दाबावर चालणारं परक्यांचं शीड असावं, ही कल्पना त्यातूनच आली. मला ती अजून पटलेली नाही. बर्फातून निसटणारा वायूही तसाच ढकलतो. २०२३ मध्ये हायड्रोजनचा खुलासा आला, तो मला जास्त जवळचा वाटतो. शिवाय इथे वर्णपटात धातू दिसलेला नाही, आणि ती खूण नसताना नुसत्या ढकलण्यावरून यान म्हणणं मला घाईचं वाटतं.

ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०१८ एवढीच निरीक्षणं आहेत. ती उतरवून ठेवलीत. आधी नुसतं गुरुत्वाकर्षण, मग ए१ (सूर्यापासून दूर ढकलणारं त्वरण) जोडून बघणार. कोणी हे आधी केलं असेल तर ए२ (कक्षेच्या पातळीत त्याला आडवं असलेलं त्वरण) ही सोबत सोडवावा का, ते जरूर सांगा.