हेल्मेट अपडेट : फिटिंग जमलं, आता कानातला वारा

सायकलचं हेल्मेट एकदाचं फायनल झालं, पाऊस सुरू व्हायच्या आधीच घेतलं आणि आता रेग्युलर वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण बरेच जण साईझ एम की एल एवढ्यावरच अडकतात. माझ्या डोक्याचा घेर ५८ सेमी (टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागे सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून), म्हणजे बहुतेक ब्रँडचं एम पण बसतं आणि एल पण. खरा फरक पडतो तो आकाराने. माझं डोकं पुढून मागे लांबट आहे, त्यामुळे गोल घडणीचं हेल्मेट घातलं की कपाळाला आणि मागे दाबतं आणि कानांच्या वर दोन्हीकडे बोट जाईल एवढी फट राहते, मग मागचा डायल (घट्ट-सैल करायची चकती) कितीही फिरवा, कपाळावरचा दाब तेवढा वाढतो. गोल डोकं असेल तर नेमकं उलटं होतं, कानशिलं ठणकतात, त्यांनी एशियन फिट लिहिलेली मॉडेल बघावीत, ती बाजूंना जास्त रुंद असतात.

दुकानात आधी सांगून ठेवायचं आणि हेल्मेट घालून चांगली १५-२० मिनिटं तसंच फिरायचं. सुरुवातीला सगळीच भारी वाटतात, प्रेशर पॉइंट नंतर कळतो. काढल्यावर आरशात कपाळ बघा, सगळीकडे सारखी फिकट पट्टी उमटली तर ठीक, एकाच जागी लाल वण दिसला तर ते सोडून द्या, कितीही डिस्काउंट असला तरी. अजून एक म्हणजे पट्टा न लावता नुसता डायल आवळून खाली वाकायचं आणि मान हलवायची, हेल्मेट जागचं हलता कामा नये. आणि ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) हात असताना मान जशी वर येते तशी तिथेच करून बघा, काही हेल्मेटची मागची कड मानेला टेकते आणि मग पुढची कड डोळ्यांवर येते.

आतलं सुरक्षा मानकाचं स्टिकर मात्र बघाच, ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं). ईएनच्या टेस्टमध्ये हेल्मेट सपाट पृष्ठभागावर साधारण दीड मीटरवरून पाडतात, सीपीएससीमध्ये २ मीटरवरून. मी मिप्सवालं घेतलं, म्हणजे आत सरकणारा एक पातळ थर (लायनर) असतो, तिरका मार बसला तर तो लायनर १०-१५ मिमी सरकतो आणि डोक्याला बसणारा पीळ कमी होतो. पण लायनरमुळे आतली जागा थोडी कमी होते म्हणून त्याच मॉडेलचं साधं व्हर्जन घालून साईझ ठरवू नका.

आता वारा. सासवडहून बोपदेव घाटमार्गे पुण्याकडे परत येताना जून-जुलैत पश्चिमेचा वारा बराचसा तोंडावरच येतो. मीटरवर ताशी २५ किमी दिसतंय आणि समोरून १५ चा वारा आहे म्हणजे कानाला ४० चा लागतो, आणि हा आवाज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी जास्त वाढतो. उतारावर तर मागून एसटी अगदी जवळ आली तरी ऐकू येत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे, नुसत्या त्रासाची नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की आवाज हेल्मेटच्या भोकांमधून येतो. थोडा येतो, पण मुख्य आवाज कानाच्या पाळीवर आणि कानापुढच्या पट्ट्यावर वारा फुटून भोवरे होतात त्याचा असतो. सपाट, रिकाम्या रस्त्यावर कानाच्या जरा पुढे एक बोट आडवं धरून बघा, आवाज लगेच बदलतो. म्हणून पहिलं काम पट्ट्यांचं केलं. दोन्ही पट्टे कानाच्या पाळीखाली व्यवस्थित व्ही होऊन मिळाले पाहिजेत, कुठे पीळ नको, गालाला चपटे लागलेले हवेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच जागा. पट्ट्याचं उरलेलं टोक रबर बँडमध्ये अडकवलं, ते फडफडायचं बंद झाल्यावर केवढा फरक पडला! चष्म्याच्या काड्या पट्ट्याच्या बाहेरून घेतो, आत अडकल्या की पट्टा गालापासून सुटतो आणि पुन्हा गुणगुण सुरू.

दुसरा उपाय म्हणजे पुढच्या पट्ट्यावर, कानाच्या अगदी समोर, फ्लीसची (लोकरीसारख्या मऊ, केसाळ कापडाची) जाडसर पट्टी वेल्क्रोने लावली. बाहेर शूटिंग करताना माइकवर केसाळ कव्हर घालतात तेच तत्त्व, वारा केसांमध्ये मंदावतो आणि गाड्यांचा आवाज मात्र येत राहतो. कॅट-इअर्स नावाने हे तयार पण मिळतं. सपाटीवर मला आता सोबत्याचं बोलणं नीट ऐकू येतं, चढावर तर प्रश्नच नाही, जोराच्या उतारावर फायदा कमी आहे पण आहे. इअरप्लगचा सल्ला मी कुणालाच देणार नाही, आपल्या रस्त्यांवर कान उघडे हवेतच. त्याऐवजी हँडलच्या टोकाला छोटा आरसा लावलाय, उजवीकडे.

फ्लीस पावसात भिजून चपटं होतं आणि घामाचा वास धरतं, दर राईडनंतर काढून धुवावं लागतं. म्हणून आता पातळ निओप्रीनची (रबरासारख्या फोमच्या कापडाची) एक जोडी शिवून ठेवलीय, पुढच्या सासवड राईडला एका कानाला फ्लीस आणि दुसऱ्याला निओप्रीन लावून बघणार आहे. कुणी आधी वापरलं असेल तर किती मिमीचं घेतलं तेवढं सांगा.